पाकिटाचा चौथा कोपरा

"तिकीट जिभेक लावू नको गो, मथुरा. देवाचा नाव घेवन लिवलेला पत्र, तेका उष्टा कित्याक? आणि पाकिटाक चारय कोन आसाक होये. एक पण एकादशी चुकवू नको हां."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण पाकीट करायला बसलं की मथुराच्या कानाशी हे शब्द येत. हौसाबाई शेवटच्या दुखण्यात पडल्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांची एकुलती एक लेक सुभद्रा त्याआधी वर्षभर घर सोडून गेली होती. तारकर्लीच्या देवळात चित्रकथेचा खेळ लावायला पिंगुळीहून एक तरुण आला होता. हातात चित्रांची पोथी, गळ्यात गाणं. सुभद्रा त्याच्याशी लग्न करून पिंगुळीलाच राहिली. बाप, भिकाजी तांडेल, चाळीस वर्षं गलबतावर हुकूम सोडलेला माणूस. "ह्या घरात तिचा नाव घेवचा नाय," हा त्यांचा शेवटचा हुकूम, आणि तो कोणी मोडला नाही. हौसाबाईंनीसुद्धा नाही. त्यांनी फक्त सुनेचा हात धरला होता. "चेडू घराक येयसर तिका लिवीत ऱ्हव," एवढंच त्या म्हणाल्या, आणि लेक घरी येईपर्यंत लिहीत राहायचं मथुराने मान हलवून कबूल केलं.

मथुराचे नेम पुष्कळ. पहाटे तुळशीला पाणी, सोमवारी एकभुक्त, एकादशीला घरात तांदूळ शिजायचा नाही. मामंजीसुद्धा त्या दिवशी नाचणीची भाकरी कुरकुरत खात. चातुर्मासात तर ती गावाची वेस ओलांडत नसे. या सगळ्यांत एकादशीचं पत्र कुठे बसतं, व्रतात की हौसेत, हे तिला स्वतःलाच कधी नीट ठरवता आलं नाही. देवासमोर बसून केलेल्या कामात इतकी मजा वाटावी याची तिला कधी कधी भीतीही वाटे.

कारण मजा होतीच. तिचे यजमान गंगाराम बोटीवर नोकरीला. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचं पत्र येई, तांबड्या-निळ्या काठाच्या जाड पाकिटातून. मथुरा ते पाकीट वाफेवर धरून अलगद उकले, उलटं करी, आणि आतली कोरी बाजू बाहेर आणून पुन्हा चिकटवी. भाताची चार शितं बोटाने चिरडली की खळ तयार. मग गेरू आणि हळद कालवून काडीने कडेला बारीक नक्षी काढायची. आत पत्राबरोबर सुरंगीच्या फुलांचा सुका वळेसर, म्हणजे गजराच. वर्ष झालं तरी त्याचा वास जात नाही. आणि शेवटी तिकीट. धोंडू पोस्टमनकडून ती तिकिटं निवडून घेई, दातेरी कड एकीकडेही तुटलेली नको. तुळशीच्या पानावरचं पाणी बोटावर घ्यायचं, तिकिटाच्या पाठीवर फिरवायचं, आणि मनात नाव घेत ते उजव्या कोपऱ्यात दाबून धरायचं. अंगठ्याखाली ते कागद होऊन जाई तो क्षण तिला फार आवडे.

तिकिटांचा नाद घरात आणखी एकाला होता. भिकाजी तांडेलांच्या पेटाऱ्याचं झाकण आतून तिकिटांनी भरलेलं होतं. एडनचं, मोंबासाचं, बसऱ्याचं; उंट, माडाची झाडं, एक जिराफ. जिथे जिथे गलबत लागलं तिथलं काहीतरी. आता गुडघे धरले होते, समुद्र ओसरीवरूनच बघायचा, तर मुलाच्या पाकिटांवरची तिकिटं तेवढी त्यांच्या हाती लागत. मोठ्या कात्रीने ते कोपऱ्यासकट तिकीट उडवत.

"मामंजी, तिकिटाभोवतीच कापा ना," मथुरा हळूच म्हणे. "कोपरो जाता."

"कोपरो घेवन काय करूचा? लोणच्याक लावचा?"

आणि आपल्या देशाच्या तिकिटांवर तर त्यांचा रागच होता. गेली दोन वर्षं बघावं तिकडे एकच नकाशा. "रंग तेवढो बदलता, नकाशो तोच! सरकारान चित्रकारांका रजा दिल्यानी की काय?" असं म्हणून ते कात्री मिटवत. चित्रकार हा शब्द तोंडातून गेला की मात्र पेटाऱ्याचं झाकण लावून टाकत.

सहा वर्षांत सुभद्राचं उत्तर आलं नव्हतं. मथुराने त्याची वाटही पाहिली नव्हती. तुळशीला पाणी घालणारा माणूस तुळशीकडून उत्तर मागत नाही. आणि या वर्षी ज्येष्ठात अचानक एक कार्ड आलं. जाड कागद, त्यावर मोठ्या डोळ्यांचा एक मोर, तांबडा आणि काळा. पिंगुळीच्या चित्रांत असतो तसा. मागे दोन ओळी, शाळेत गिरवलेल्या अक्षरात: *वहिनी, गणपतीच्या चवथीला यावं म्हणते. बाबा मला उंबऱ्यात उभी करतील का, एवढं कळव.*

एवढं कळवायला मथुराला दोन महिने लागले. मधल्या एकादश्यांची पत्रं गेली, पण त्यांत हे सोडून सगळं होतं. रोज वाढताना ती मनात वाक्य जुळवी आणि मामंजींनी भात कालवला की गिळून टाकी. शेवटी श्रावणातली एकादशी आली. आदल्या दिवशी तिला ताप होता, त्यामुळे दशमीला करून ठेवायचं पाकीट राहिलं होतं. घरात गंगारामांचं एकच जुनं पाकीट उरलेलं, त्याचाही एक कोपरा मामंजींच्या कात्रीत गेलेला. तिने दुसऱ्या कागदाचा तीनकोनी तुकडा कापला. चिकटवायला शीत कुठे होतं? एकादशी. मग परसातल्या काजूच्या खोडावरून डिंकाचा खडा आणला, पाण्यात विरघळवला, तुकडा लावला. वर नक्षी काढली, सांधा कळेना. आत लिहिलं, "मी मामंजींशी बोलते. तू ये." तिकीट लावलं आणि धोंडूच्या हाती दिलं. पावसाची झड सुरू होती.

बारा दिवसांनी धोंडू ओसरीवर येऊन छत्री झटकू लागला.

"मथुरावैनी, आज सरकारी नकाशो आसा, पण कागद बघा, काय रंगयलो आसा!"

भिकाजींनी सवयीने हात पुढे केला. "पाकीट हय दी. तिकीट माझा."

मथुराने पत्र काढून घेतलं आणि पाकीट त्यांच्याकडे दिलं. खांबाला टेकून ती उभ्यानेच वाचू लागली.

*सौ. मथुरावहिनीस सुभद्राचा नमस्कार. तुझं पाकीट पोचलं. कोपरा नव्हता. मग उघडायचं काय राहिलं? उंबऱ्याबाहेरच फाडलं, डोक्यावरून पाणी घेतलं, तीन दिवस पाळले. मला वाटलं होतं, चवथीला येईन, बाबा पाठ फिरवतील. पाठ तरी दिसेल. आता कुणाकडे यायचं? सहा वर्षांतली तुझी सगळी पाकिटं मी ठेवली आहेत. पण यापुढे पाठवू नकोस. धोंडूसारखा इथला पोस्टमनही चांगला आहे, त्याला सांगून ठेवलंय, आलं तर परत कर. तुझं अक्षर दिसलं की बाबा आठवतात.*

मथुरा खाली बसली. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे माणूस गेल्याची खबर. ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, जवळ ठेवत नाहीत. हे कोणाला सांगावं लागत नाही. काजूचा डिंक श्रावणाच्या ओलीत सुटला होता, आणि तो तीनकोनी तुकडा टपालाच्या कुठल्यातरी पिशवीच्या तळाशी पडला होता.

"कोणाचा पत्र?" भिकाजींनी विचारलं. पाकीट त्यांनी डोळ्यांजवळ धरलं होतं. तिकिटावरचा छाप ते अक्षर अक्षर लावून वाचत होते. कुडाळ, पिंगुळीचं टपाल जिथून सुटतं ते.

खोटं न बोलण्याचाही मथुराचा नेम होता. "सुभद्रावन्सांचा."

धोंडू छत्री उचलून पायऱ्या उतरला.

पाकीट मांडीवर आलं. मग भिकाजी म्हणाले, "काय लिवल्यान?"

"तुमी गेलात म्हणान तीन दिस सुतक पाळल्यानी."

"मी? मी खंय गेलंय?"

मथुराने सगळं सांगितलं. सहा वर्षांची पाकिटं, सासूबाईंना दिलेला शब्द, मोराचं कार्ड, डिंक. "आणि तो कोपरो," ती अडखळली, "तुमीच कापललो, मामंजी."

भिकाजींनी मांडीवरच्या कात्रीकडे पाहिलं. आता आवाज चढणार, असं मथुराला वाटलं. दर एकादशीला या घरातून त्यांचा हुकूम मोडला जात होता, तोही देवासमोर बसून.

"तीन दिस," ते म्हणाले. "तीन दिस सुभद्रान बांगडो खाल्ल्यान नसात? बांगड्याशिवाय घास गिळी नाय ती."

"श्रावण आसा मामंजी."

"तां खरा." ते जरासे हसले, आणि ते हसू तोंडावर नीट बसलं नाही. "श्रावणच आसा. तेच्यात काय मोठा केल्यान?"

सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते नाव आलं होतं, हे दोघांनाही कळलं. मग त्यांनी कात्री उचलली. मथुरा बघत राहिली. ते तिकिटाच्या कडेकडेने, दातेरी रेघेच्या बाहेरून, जाळ्याची गाठ सोडवावी तसं हळूहळू कापत गेले. मधे चौकोनी भोक पडलं. कोपरा शाबूत राहिला. पाकीट त्यांनी तिच्यापुढे केलं.

"मोज. चार आसत."

"पण आता पत्र घेवच्या नाय त्या. परत करतल्या."

"तार कर मालवणातसून."

"तारेक बघूनच लोक रडाक लागतत, मामंजी. मगे पुरतीच खात्री पटात त्यांची."

"मगे?"

मथुराने वेशीच्या दिशेला पाहिलं. सुनेचा चातुर्मास भिकाजींना ठाऊक होता. कार्तिकीपर्यंत ती वेशीवरच्या देवळापलीकडे पाऊल टाकणार नाही, आणि चवथ अवघ्या अकरा दिवसांवर आली होती.

संध्याकाळी दिवा लावल्यावर ती देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. कौल नाही लावला. कौल लावायचा तर देवाला अडचणीत टाकायचं, असं तिला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "वेशीचा नेम मी माझ्या मनाने धरला. लेकीसाठी शब्द एका आईने मागून घेतला. दोन्ही तुझ्याच समोर. नेम मोडल्याचा दंड माझ्याकडे राहू दे, मी पुढच्या वर्षी आठ महिने पाळीन."

मग तिने वहीचा एक कोरा कागद काढून पाकीट करायला घेतलं. आज भात होता. शितं चिरडली, चारही कडा दाबून बसवल्या, चारही कोपऱ्यांवर हळदकुंकवाची बोटं ओढली. लग्नाच्या पत्रिकेला ओढतात तशी, लांबून दिसतील अशी. हातानेच न्यायचं, तर तिकिटाची जरूर नव्हती. ती जागा मोकळी बघून तिला चुकल्यासारखं झालं.

पेटाऱ्याचं झाकण करकरलं. भिकाजी गुडघ्यांवर हात देत आले. त्यांच्या बोटांच्या चिमटीत जिराफाचं तिकीट होतं, मोंबासाचं, पाठीला जुन्या खळीचा पिवळा थर तसाच.

"ह्या ती लहानपणी रोज मागी. मी म्हणय, बापूस मेल्यावर घे." त्यांनी तिकीट उलटं केलं, आणि मथुरा तुळशीच्या पाण्याची वाटी पुढे सरकवण्याआधीच जीभ काढून ते चाटलं. सावकाश, दोनदा. मग पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवून तळहाताने दाबून धरलं.

उष्टं. सासूबाईंचा शब्द कानाशी येऊन थांबला, पण मथुराने वाटी होती तिथेच ठेवली.

"मेल्लो माणूस तिकीट चाटता काय?" भिकाजी म्हणाले. "इचार तिका. आणि सांग, चवथीक गणपतीमागची भिंत कोरी आसा. तिच्या घोवाक रंग घेवन येवक सांग. चुनो मी काढून ठेवतंय."

सकाळी पाऊस थोडा उघडला होता. मथुराने तुळशीला पाणी घातलं, मामंजींची पेज झाकून ठेवली आणि पाकीट केळीच्या पानात गुंडाळून पदराआड घेतलं. नेरूरपारला जाणारी होडी खाडीच्या काठाला लागली होती. तिथून पुढे कुडाळपर्यंत गाडी मिळाली तर गाडी, नाहीतर पाय होतेच. वेशीवरच्या देवळाशी ती थांबली, दगडाला हात लावून तो कपाळाला नेला. मग वहाणा काढून हातात घेतल्या, आणि कोणाला हाक न मारता चिखलातून होडीकडे चालू लागली.