पाणघोड्याची पाठ

पाणघोड्याच्या पाठीची रेघ नऊ सेंटिमीटर लांब होती. पहिले चार सेंटिमीटर ती नीट गेली होती आणि पुढच्या पाचांत तिला अकरा लाटा होत्या. भिंगातून पाहिलं तर बारा. पण बारावी कागदाच्या खरखरीतपणामुळे आली असण्याची शक्यता होती. म्हणून तिने वहीच्या कडेला अकरा हाच आकडा लिहिला आणि पुढे तारीख घातली.

भिंग खाली ठेवेपर्यंत तिची नणंद मागे येऊन उभी राहिली होती.

"हा पाणघोडा आहे?"

"हो."

"मला अस्वल वाटलं. केवढे केस आलेत त्याला!"

नणंद वयाने मोठी, घरात सगळ्यांची ताई. मुलांच्या एका मासिकात त्या गेली सव्वीस वर्षं ढब्बूमामा काढत होत्या. ढब्बूमामा म्हणजे चार बटणांचं जाकीट घातलेला, कुठेही वेळेवर न पोचणारा पाणघोडा. तीन दिवसांपूर्वी भावजय खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत जाऊन "मला हा काढायला शिकवा" म्हणाली, तेव्हा ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं होतं.

"आजवर माझ्या चित्रांना 'छान आहे'च्या पुढे तिसरा शब्द दिला नाहीस. आता काय सुचलं हे?"

"वेळ जात नाही."

"तुझा? दूध तापेपर्यंत पेपर वाचून संपवणारी बाई तू!"

पण पेन्सिल आणि मासिकाचे जुने अंक त्यांनी काढून दिले.

खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रुग्णाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, यंत्राचं चाक फिरवून त्याचे केसाच्या विसाव्या हिश्शाइतके पातळ काप घ्यायचे, ते ब्रशच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचपट्टीवर घ्यायचे, हे तिचं काम. सुईने काढलेले, दोऱ्याएवढे तुकडे तिच्याच टेबलावर येत. मोठ्या तुकड्याचा एखादा काप बिघडला तर दुसरा घेता येतो. दोऱ्यातून चारदोनच मिळतात. ते वाया गेले तर पुन्हा सुई, म्हणजे त्या माणसाला पुन्हा झोपवणं, पुन्हा तीच भीती.

अडीच महिन्यांपूर्वी पाण्याजवळ तिच्या ब्रशचं टोक हललं आणि काप दुमडला. "पातं बोथट झालंय," ती म्हणाली. पातं बदललं. पंधरा दिवसांनी नव्या पात्याखालचा कापही दुमडला. दोन्ही वेळा बाकीच्या कापांवर निभावलं. तिसऱ्यांदा निभावेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरताना तिला वाटायचं, आज सांगून टाकू. आणि संध्याकाळी वाटायचं, अजून पुरेशी नोंद नाही. शेवटी तिने ठरवलं की हाताला सवय द्यायची आणि मोजत राहायचं. पाठीच्या लाटा तीनच्या खाली आल्या, तर सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

"केस का येतात सांगू?" ताई समोर बसल्या. "तू रेघ ओढत नाहीस, चोरतेस. इवलेसे फटकारे जोडत जातेस. आधी पेन्सिल न टेकवता हवेतच हात दोनदा फिरव. मनगट हलवायचं नाही, सगळा हात खांद्यातून येऊ दे. मग टेकव आणि एका दमात ने."

"चुकली तर?"

"तर चुकली. खोडरबर काय शोभेला आहे?"

दुसरी खोड सुटायला आठवडा गेला. ती डोळ्यापासून सुरुवात करायची. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघताना नजर आधी मधल्या गडद ठिपक्यावर जाते, तशी ती इथेही जात होती. डोळा हुबेहूब यायचा, आणि मग त्या डोळ्याला पुरेल एवढा पाणघोडा कागदावर मावायचा नाही.

"आधी बटाटा काढ," ताई म्हणाल्या. "फिकट, दिसेल न दिसेल असा. त्यावर डोक्याचा छोटा बटाटा. डोळा सगळ्यात शेवटी. आधी माणूस दारात येऊ दे, मग त्याला टिकली लाव!"

एकदा त्यांनी मूळ चित्रच उलटं ठेवलं, पाय वर आणि डोकं खाली. नवशिक्यांची त्यावर भंबेरी उडते म्हणे. तिने वीस मिनिटांत ढब्बूमामा उलटाच उतरवला, आणि सुलटा करून पाहिला तर तो आजवरचा सगळ्यात चांगला निघाला. ताई बघतच राहिल्या.

"आमच्या सूक्ष्मदर्शकात सगळं उलटंच दिसतं," ती म्हणाली. "सवय आहे."

"तरीच! घरातही तुला सुलटं सांगितलेलं कळत नाही."

वहीतले आकडे उतरत गेले. अकरा, नऊ, नऊ, सहा, चार. सहाव्या आठवड्याच्या शेवटी दोन. तिने भिंगातून दोनदा खात्री केली आणि वही घेऊन स्वतःहून खाली गेली. असं ती पहिल्यांदाच करत होती.

ताईंनी चित्र हात लांब करून धरलं. "पाठ सुरेख. अशी पाठ मला चाळिशीत जमली." मग चित्र जवळ घेतलं. "पण बटणं कोणी काढली? शेजारणीने?"

तिने पाहिलं. चार बटणं, प्रत्येक वाटाण्याएवढं. एकाचीही कड गोल नव्हती. ती वहीची मागची पानं उलटू लागली. पाठीच्या रेघा पानागणिक गुळगुळीत होत गेल्या होत्या. बटणं नव्हती. पहिल्या दिवशीच्या बटणांच्या कडेला तीन-तीन दाते होते आणि आजच्या बटणांना पाच. दीड महिन्यात तिने ती एकदाही मोजली नव्हती.

"पाठ खांद्यातून येते," ताई म्हणाल्या. "मीच तुला तसं शिकवलं. बटण बोटांतून येतं. तिथे खांदा काय करणार?" बटणांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तुझा हात कापतो गं."

"कापतोच, ताई. तेच तर काम आहे माझं."

एरवी अशा कोटीवर ताई खळखळून हसल्या असत्या. आता त्यांनी फक्त वही मिटली.

"तिथे सांगितलंस?"

"अजून नक्की नाही. मोजतेय."

"काय मोजतेस? पाठ?"

मोजमापात चूक आढळली की ती नोंदवायची, हे तिने आजवर कितीजणींना शिकवलं होतं. तिथे बसूनच तिने वही पुन्हा उघडली आणि पहिल्या पानापासून बटणांचे आकडे लिहून काढले. सगळे मिळून एकोणतीस आकडे झाले. तोवर ताईंनी चहा ठेवला.

सकाळी प्रयोगशाळेत पाणी तापायच्या आतच काचपट्ट्या तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई स्वतः एक ठोकळा घेऊन आल्या. मेणात करड्या रंगाचा, पापणीच्या केसाएवढा तुकडा दिसत होता.

"हा तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "एवढाच मिळालाय, आणि पुन्हा सुई घालण्यासारखी पेशंटची तब्येत नाही. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायलाच नको."

शेजारच्या टेबलावरची तंत्रज्ञ मान खाली घालून पट्ट्यांवर क्रमांक लिहीत होती. दोन मुलांची आई असली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. सात वर्षांपूर्वी ब्रश कसा धरायचा हे ती इथेच शिकली होती. गेल्या वर्षभरात तिचा एकही काप दुमडला नव्हता.

डॉक्टरीणबाई दाराकडे वळल्या.

"डॉक्टर, एक मिनिट."

"हं?"

ठोकळा तिने यंत्रावर चढवला नाही. तो तळहातावर ठेवून ती उभी राहिली.

"हा धाकटीला द्या. आजपासून सुईचे सगळे तुकडे तिच्याकडेच द्या. माझा हात थरथरतो. चार महिने झाले, मी सांगितलं नव्हतं."