माइनस एक्स बटा वाय

बाळांनो, डोळ्यांपुढे एक वर्तुळ आणा. त्याच्या कडेला एक सरळ पट्टी टेकवा, अशी की ती एकाच बिंदूत टेकेल. ही झाली स्पर्शिका. रेषा किती घरं वर चढते, भागिले किती घरं उजवीकडे जाते, हा तिचा स्लोप; खाली उतरली तर माइनस. आता केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत त्रिज्या ओढा. पट्टी आणि त्रिज्या यांच्यात नेहमी काटकोन असतो. एवढं घट्ट धरून ठेवा आणि माझ्याबरोबर ग्वाल्हेरला, सिटी सेंटरमधल्या एका कोचिंगच्या खोलीत चला. सांभाळून बसा, इथे कुणी कुणाचं भलं चिंतत नाही.

"प्रांजली, उभी राहा," हेमेंद्र सर म्हणाले. "स्पर्शिकेचा स्लोप सगळ्यांचा माइनस पाच. तुझाच माइनस तीन बटा चार. तू काय स्पेशल आहेस?"

मुलं हसली. शनिवारच्या टेस्टमध्ये उत्तर चुकलं की पहिल्या बॅचमधून दुसरीत जावं लागे, आणि दुसरीतून परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या शंतनूनं तर आपली बॅग तिच्या जागेवर ठेवलीसुद्धा. पंख्याखालची जागा होती ती.

"सर, हिला फॉर्म्युलाच नाही येत," तो म्हणाला. "माइनस एक्स बटा वाय. बिंदू पाच, एक. म्हणजे माइनस पाच. इतना तो छोटे बच्चे भी कर लें."

"तो फॉर्म्युला केंद्र शून्यावर असेल तरच चालतो," प्रांजली म्हणाली. "इथे केंद्र दोन, माइनस तीन आहे."

"आता तू मला शिकवणार?" सरांनी भिरकावलेला खडू तिच्या खांद्याला लागून खाली पडला. "ये, दाखव. नाहीतर इथूनच दुसऱ्या बॅचचा रस्ता धर."

तिनं खडू उचलला. चौकटी आखलेल्या फळ्यावर वर्तुळ काढलं. केंद्रापासून बिंदूपर्यंत तीन घरं उजवीकडे, चार घरं वर. तुम्हीही मोजा.

"त्रिज्येचा स्लोप चार बटा तीन. काटकोनातल्या रेषेसाठी तो उलटा करायचा आणि माइनस लावायचा. माइनस तीन बटा चार." तिची रेषा वर्तुळाला टेकून पुढे निघून गेली.

"पेपरमध्ये चित्र कोण विचारतं?" सर गुरकावले. "टाइम वेस्ट!"

त्याच बिंदूपासून एक घर उजवीकडे, पाच घरं खाली मोजून तिनं दुसरी रेषा ओढली. ती सरळ वर्तुळाच्या पोटात शिरली आणि खालून बाहेर पडली.

"ही शंतनूची स्पर्शिका."

आता कुणी हसलं नाही. सरांनी डस्टर घेतला आणि दोन्ही रेषा पुसून टाकल्या. "चलो, नेक्स्ट क्वेश्चन."

प्रांजली जागेकडे आली. शंतनूनं बॅगवर हात दाबून धरला.

"जा ना दुसरीत. सरांनी राइट कुठे म्हटलं?"

तिनं त्याचा हात झटकला, बॅग उचलून त्याच्या मांडीवर आदळली आणि पंख्याखालच्या आपल्या जागी बसून पुढचं गणित उतरवायला घेतलं.