आठ दिवसांची माती

अडुसष्ट सालची गोष्ट. खारी गावाबाहेर देवीची जत्रा आठ दिवस भरायची, मग वर्षभर त्या जागेवर कुत्री लोळायची. आमचं खाज्याचं दुकान. गावोगावच्या जत्रा हिंडून जीव विटला होता, धाकटी सुलू तर चालत्या बैलगाडीत जन्मली. एका चैत्रात आमच्या ह्यांच्या डोक्यात आलं की उठायचंच कशाला? बुरूड, कुंभार, कासार मिळून अकरा बिऱ्हाडं राहिली. जत्रेतल्या खेळाच्या चौथऱ्यावर मुलांची शाळासुद्धा भरू लागली.

धर्माजीबाबांच्या शब्दावर गाव चालायचं. ते म्हणाले, वर्षभर राहून दाखवा, पण गावाचं नुकसान केलंत तर चंबूगबाळं उचलायचं. मी त्या दिवसापासून जीव मुठीत धरूनच होते.

जागेला लागून खाडी, मध्ये मातीचा बांध. त्याची चिकणमाती चुलीला एक नंबर. जत्रेत प्रत्येक बाई घमेलंभर आणायची, कोणी हटकत नसे. आता वर्षाची घरं झाली. चूल आली, जमीन आली, पंधरवड्याला लिंपण आलं. मला मेलीला ओट्याची हौस, सगळ्यांत जास्त माती मीच नेली. बांधाचं काय होईल हे ध्यानातच आलं नाही.

श्रावणातली अमावास्या, खाडीला उधाण. पुरुष काशीमीऱ्याला कामावर गेलेले. भरदुपारी माती आणायला गेले तर मी खणायचे बरोबर तिथूनच पाणी झिरपत होतं. बघता बघता धार बोटाएवढी झाली. मागे आमची घरं, त्यामागे खारीचं भात. खारं पाणी शिरलं की तीन वर्षं शेत उठत नाही.

बरोबर आलेली शेजारची शालू म्हणाली, खेकड्यांनी पोखरलं म्हणून सांग. मी गावाकडे पळाले. वाटभर खेकडे, खेकडे असंच घोकत होते. पण खेकडे म्हटलं असतं तर बाबा एक भोक बुजवायला आले असते. पोकळ तर अख्खा बांध होता.

त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"बाबा, बांध फुटतोय. माती मी नेली."

बाबा तसेच उठले. माणसं गोळा करून आले, बांध पाहिला, चढती भरती पाहिली. गाळात पाय ठरत नव्हता, माती आणणार कुठून?

"नेली ती परत आना," एवढंच म्हणाले.

मी पहार घेतली आणि आधी माझा ओटा फोडला. मग चूल. मग सगळ्या बायांनी आपापल्या चुली, जमिनी उकरल्या. गावच्या बाया घमेली पुढे देत होत्या. दर घमेल्याला वाटायचं, आता जातो बांध. ओहोटी लागेपर्यंत आम्ही थापतच होतो. बांध राहिला.

घरी येऊन मी भांडी पोत्यात भरायला लागले. सुलू उकरलेल्या जमिनीवर बसून रडत होती. दारात धर्माजीबाबा उभे. मी म्हटलं, हे आले की संध्याकाळी निघतो.

"जातीस कुठं?" ते म्हणाले. "तो बांध कुठं कुठं पोकळ हाय, तुझ्याबिगर कोनाला ठाव न्हाय. आता तूच राखायचा."

आपलं फावडं उंबऱ्याशी ठेवून ते गेले.

मी पोत्यातली भांडी परत बाहेर काढली. पुढच्या उधाणाचे दिवस बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. मग फावडं उचलून आत ठेवलं.