चोथा

"काल-परवात काय खाल्लं यांनी?" डॉक्टर सुमेधा यांनी विचारलं.

"काहीच न्हाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "परवापासून भाकरीचा तुकडा तोंडात न्हाई."

हे खोटं नव्हतं. द्वारकाबाईंच्या घरात खाणं म्हणजे भाकरी, वरण, भाजी. फळ उपवासालाही चालतं, ते कुणी खाण्यात धरत नाही. पोटात दोन दिवस काहीच गेलेलं नाही, असं समजून डॉक्टरांनी धर्मराज यांच्या पोटावर हात ठेवला. पोट ढोलासारखं ताणलं होतं. कळ आली की ते पाय पोटाशी घ्यायचे, ओसरली की सोडायचे. उलटी हिरवट होती.

बदनापूरच्या पलीकडच्या गावातून मुलगा रामप्रसाद यानं वडिलांना पिकअपमध्ये गादी टाकून आणलं होतं. दवाखाना जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत. घरच्यांना तो नवीन नव्हता. गुडघे दुखतात म्हणून धर्मराज वर्षानुवर्षं सकाळच्या चहाबरोबर उपाशीपोटी गोळ्या घेत आले होते. त्या गोळ्यांनी गेल्या दिवाळीत जठराला भोक पडलं. तेव्हा याच डॉक्टरांनी जठराचा खालचा भाग कापून काढला आणि उरलेला वरचा भाग थेट लहान आतड्याला जोडला. घरी सोडताना त्या द्वारकाबाईंना म्हणाल्या होत्या, "मावशी, थोडं थोडं, बारीक चावून. चावता येत नाही ते गिळू देऊ नका." रामप्रसाद शेजारीच उभा होता.

चावायचं कशानं, हा प्रश्न होता. ऑपरेशननंतर धर्मराज वाळले, हिरड्याही आकसल्या आणि कवळी तोंडात खुळखुळायला लागली. ती स्टीलच्या ग्लासात फळीवर गेली. "मी एक बोलतो, ती दुसरंच बोलती," धर्मराज सांगायचे. नवी करायला जालन्याला जाऊ, असं पुढच्या प्रत्येक सोमवारी ठरत होतं.

एक्स-रेत आतड्याची वेटोळी फुगलेली दिसत होती. डॉक्टरांनी रामप्रसादला फिल्म उजेडात धरून दाखवली.

"रस्ता कुठंतरी बंद झालाय. पोट एकदा उघडलं की आतली आतडी एकमेकांना चिकटतात, पीळ बसतो. तसंच असावं. नाकातून नळी टाकू, वरचं सगळं काढून घेऊ, सलाईनवर ठेवू. बऱ्याच वेळा आपोआप सुटतं. सकाळपर्यंत बघू."

"अन् न्हाई सुटलं तर?"

"तर उघडावं लागेल. पण यांच्या अंगात आता फार ताकद नाही. न उघडता सुटलं तर बरं."

दुपारी द्वारकाबाई खाटेशी बसल्या होत्या. नळीतून हिरवं पाणी थेंबाथेंबानं खालच्या पिशवीत उतरत होतं. त्या पाण्यात त्यांना पांढुरके, लांबट कण दिसले. रस निघून गेलेल्या मोसंबीच्या फोडीतले दाणे. घरच्या बागेत आयुष्य काढलेल्या बाईला ते ओळखायला जवळ जावं लागलं नाही.

धर्मराज यांची मोसंबी गावात नावाजलेली होती. व्यापारी बाग बघायला आला की ते स्वतः एक फळ सोलायचे, फोड तोंडात घोळवायचे, रस गिळून चोथा बाजूला थुंकायचे आणि भाव सांगायचे. चोथा त्यांनी कधीच गिळला नव्हता. ऑपरेशननंतर पोट साफ होईना, तेव्हा बचत गटातल्या एकीनं द्वारकाबाईंना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या कोटातला एक माणूस सांगत होता, फळाचा चोथा टाकू नका, पोटाची सफाई तोच करतो.

"सारी ताकद चोथ्यात असती, अन् तुम्ही ती थुंकून राह्यले," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"अगं, हे गिळायचं? काथ्या हाय हा."

"लेकरावानी करू नका. गिळा."

रामप्रसादनं एकदा मध्ये तोंड घातलं होतं. "माय, आबाला दात न्हाईत, चोथा कशाला?" त्याला त्यांनी सुनेसमोर झापलं होतं. तेव्हापासून धर्मराज गिळत होते. द्वारकाबाई फोड घ्यायच्या, सरळ बाजूनं अंगठ्याच्या नखानं चीर द्यायच्या, बी काढायच्या आणि फोड त्यांच्या हातावर ठेवायच्या. ते हिरड्यांनी दाबायचे, रस गिळायचे आणि मागून फोडही.

पोळा झाला, बागेत फळ तोडणीला आलं आणि तब्येत विचारायला येणाऱ्यांची रीघ लागली. आलेला माणूस एकटा मोसंबी खात नाही, यजमानालाही सोबत करावी लागते. शेजारचा वसंता तर रोज यायचा.

"धर्मा, जठर कापलं, दात गेले. राह्यलं काय तुझ्यात?"

"जीभ हाय ना. भाव जिभेनंच करायचाय. अन् मोसंबीला कुठं हाडं असत्यात?"

मग थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटायला लागलं. द्वारकाबाईंनी भाकरी कमी केली. भाकरी जात नाही तर फळ तरी जाऊ दे म्हणून मोसंबी वाढवली. कळा सुरू झाल्या त्या दिवशी त्यांनी ओवा दिला, सोड्याचं पाणी दिलं आणि उलटीनं तोंड कडू झालं म्हणून पुन्हा दोन फोडी दिल्या.

आता त्या फोडींचे दाणे पिशवीत तरंगत होते.

रामप्रसाद चहा घेऊन आला. "काय बघून राह्यली माय?"

"काही न्हाई."

सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, चोथ्यासकट कुणी दिलं? तो रामप्रसादच्या देखत आला असता. शिवाय डॉक्टरीण म्हणाल्या होत्या, आपोआप सुटतं. सुटलं तर सांगायची गरजच नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आल्या. पोट तसंच होतं. त्यांनी धर्मराज यांनाच विचारलं, "काका, असं काही खाल्लं होतं का, जे मला कळायला हवं?"

नळीमुळे त्यांना बोलणं जड जात होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तिला इचारा."

डॉक्टर द्वारकाबाईंकडे वळल्या. द्वारकाबाईंनी पदर सारखा केला.

"सांगितलं ना बाई. भाकरीचा तुकडा न्हाई."

धर्मराज यांनी डोळे मिटले. नंतर डॉक्टर गेल्यावर त्यांनी बायकोचा हात शोधला आणि धरून ठेवला.

उजाडताना दुखणं बदललं. येणारी-जाणारी कळ आता जाईचना. अंग तापलं, नाडी पळायला लागली, पोटाला बोट लावू देईनात. डॉक्टर आत येताच द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या.

"मोसंबी खात होते. रोज. चोथ्यासकट. मीच द्यायचे."

डॉक्टर थांबल्या. "रोज किती?"

"येईल त्याच्यासंग एक."

रामप्रसादनं आईकडे पाहिलं. तेवढ्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करायला त्याला आत बोलावलं.

ऑपरेशन संपल्यावर डॉक्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. पोटातून काढलेलं नातेवाइकांना दाखवायचं, अशी तिथली पद्धत होती. ट्रेमध्ये हातभर काळं पडलेलं आतडं होतं आणि शेजारी एक पिवळट गोळा, मोठ्या लिंबाएवढा.

"माणसाचं अन्न आधी दात बारीक करतात," त्या सांगायला लागल्या. आवाज थकलेला होता. "राहिलेलं काम जठर करतं. ते घुसळतं, आम्ल सोडतं. त्याच्या खालच्या टोकाला एक झडप असते. बारीक झालं नसेल तर ती पुढं सोडत नाही, परत घुसळायला लावते. काकांची ती झडप आपण गेल्या वर्षी काढली. आम्लही कमी झालं. दात आधीच नव्हते. म्हणजे गिळलं ते जसंच्या तसं खाली. मोसंबीचा चोथा कुणाच्याच पोटात विरघळत नाही, पण धड माणसात तो बारीक होऊन निघून जातो. यांच्यात एकावर एक बसत गेला. लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं, त्याच्या जरा अलीकडं ते सगळ्यात अरुंद असतं. तिथं गोळा अडकला. आतडं जोर लावत राहिलं, त्याच कळा. मग ताणानं तिथला रक्तपुरवठा तुटला आणि तेवढा भाग मेला. घाण पोटात पसरली."

त्यांनी चिमट्यानं गोळा थोडा उकलला. आत फोडी होत्या, एकीला एक चिकटलेल्या, रंग गेलेल्या, पण अख्ख्या. रामप्रसादला त्यात काही वेगळं दिसलं नाही. द्वारकाबाईंना दिसलं. प्रत्येक फोडीच्या सरळ बाजूला एक आडवी चीर होती, अंगठ्याच्या नखाएवढी.

"काल सांगितलं असतं तर?" त्यांनीच विचारलं.

डॉक्टरांनी ट्रेवर कापड टाकलं. "काल लगेच स्कॅन केला असता. गोळा दिसला असता तर रात्रीच पोट उघडलं असतं." मग त्या म्हणाल्या, "काल आतडं जिवंत असतं. बहुतेक."

धर्मराज शुद्धीवर आले. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, रक्तदाब उतरत गेला आणि दुपारी ते गेले.

फळ झाडावर थांबत नाही. दहावा व्हायच्या आत व्यापाऱ्याची माणसं बागेत आली, कॅरेट भरले गेले, गाडी गेली. भाव रामप्रसादनं केला. चव घ्यायला त्यानं कुणाला सांगितलं नाही, स्वतःही घेतली नाही. आईशी तो कामापुरतं बोलत होता. जेवायला बोलवत होता, औषध आणून देत होता. चोथ्याचा विषय त्यानं काढला नाही.

भेटायला येणारे ओसरीवर बसायचे. काय झालं होतं, असं विचारायचे. द्वारकाबाई सांगायच्या. कवळी ग्लासात होती तिथून सुरू करायच्या. पुढं व्हिडिओ, नखानं दिलेली चीर, पिशवीतले दाणे. तिथवर आलं की समोरचा माणूस हात वर करायचा.

"असू द्या, बाई. वेळ भरली होती."

"तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

वसंताही आला. फळीवरच्या स्टीलच्या ग्लासाकडे बघत तो बसला. ग्लास कुणी हलवला नव्हता.

"वैनी, मी बी रोज येऊन त्याला खायला लावलं," तो म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं. मला मंग माहीत झाल्तं. दुपारीच. पिशवीत दाणे दिसले अन् मी गप बसले. डॉक्टरीण संध्याकाळी आली, तिनं इचारलं, तरी..."

"जाऊ द्या वैनी, आता कशाला ते? देवाची मर्जी." तो उठला, चप्पल शोधायला लागला.

अंगणात आणखी दोघी बायका येत होत्या. त्या ओसरीवर बसल्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि काय झालं होतं, असं विचारलं.

"त्यांची कवळी ढिली झाल्ती," द्वारकाबाईंनी सांगायला सुरुवात केली.