दोन्ही शहरं पाहिलेला माणूस

लाँड्रीच्या माडीवर आमचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. खाली दिवसभर दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करून पोटऱ्या भरून आलेल्या आम्ही चार-सहा बायका वर जाऊन बाकांवर बसायचो आणि शाळकरी पोरींसारख्या ‘बिग, बिगर’ म्हणायचो. मी सगळ्यांची नक्कल करून हसवायचे. पण आतून मला भीती वाटायची, हे सरळच सांगते. फोनवरच्या इंग्रजीच्या परीक्षेत नापास झाले, तर मला आणि माझ्या चिंगीला ह्यांच्याकडे जाता येणार नव्हतं.

हे वेल्डर. परदेशात एका मोठ्या बांधकामावर गेले होते. तिथले मुकादम आमच्याच भाषेचे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. आम्हाला तिकडे बोलावून घ्यायचं भाऊंनीच मनावर घेतलं होतं. मी तिथल्या हॉटेलच्या लाँड्रीत लागायचं, चिंगीनं तिथल्या शाळेत जायचं. तिकिटंही भाऊच काढणार होते. चिंगी तर आपली खेळणी शेजारच्या पोरींना वाटून मोकळी झाली होती.

आमच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पण छडी तेवढी सुटली होती, धाक नाही. त्या आठवड्यात दोन शहरांची तुलना चालली होती. कोणतं मोठं, कोणतं थंड, कुठे जास्त सुरक्षित. मी हात वर करून सांगितलं, “ह्यांचं शहर बिगर, बेटर, सेफर!”

“तू पाहिलंस का ते?” बाईंनी विचारलं.

“नाही. हे सांगतात ना.”

“दुरून डोंगर साजरे. ज्यानं एकच पाहिलंय, त्यानं तुलना करू नये. दोन्ही पाहिलेल्या माणसाला विचारून ये. आणि इंग्रजीतच विचार. त्यांनीही इंग्रजीतच सांगायचं.”

बाईंचा गृहपाठ असा असायचा. पुस्तकातलं वाक्य त्यांना चालत नसे.

रविवारी दुपारी फोन आला. ह्यांचा फोन बिघडला होता म्हणे, तेव्हापासून हे भाऊंच्या फोनवरून बोलत. मागे नेहमीची हिरवट भिंत. भाऊ बाजूला बसलेले असत. दिसत नसत, पण खाकरले की कळे. मला त्याचा राग यायचा. नवरा-बायकोनं बोलायचं ते काय तिसऱ्याला ऐकवत?

“अगं, कशी आहेस? इथं सगळं छान आहे. लवकर या.” दर वेळी हेच, पाठ केल्यासारखं. गाल मात्र बसले होते.

“अहो, थांबा जरा. बाईंनी गृहपाठ दिलाय. मी इंग्रजीत विचारणार, तुम्ही इंग्रजीत सांगायचं.”

मागून भाऊ हसले. “विचारा वहिनी, विचारा. आम्ही अंगठेबहाद्दर. यस आणि नो सोडून आम्हाला काही कळत नाही. चालू द्या तुमचं.”

मी घसा साफ केला. “युवर सिटी बिगर? अवर सिटी बिगर?”

ह्यांनी एकदा बाजूला पाहिलं, मग माझ्याकडे. “स्मॉलर,” म्हणाले. “मच स्मॉलर.”

मला हसू आलं. एवढं मोठं शहर, आणि लहान काय म्हणतात! बारावीपर्यंत शिकलेला माणूस, सगळं विसरला वाटतं. मी पुढचं विचारलं. “युवर सिटी बेटर?”

“वर्स,” हे म्हणाले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. “हंग्रियर. वीकर. एव्हरी डे वर्स.”

“काय सांगतोयस रे?” भाऊंनी विचारलं.

“काही नाही भाऊ. हे शहर खूप मोठं आणि छान आहे, असं सांगितलं.”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. वर्स म्हणजे छान नाही, हे मला कालपासून येत होतं. हे चुकत नव्हते. भाऊंना न कळणारे शब्द वेचून वेचून बोलत होते. फोन धरलेला हात मी गुडघ्यावर दाबून धरला. चिंगी माझ्या पाठीला टेकून बसली होती. बाबा दिसावेत म्हणून मान उंच करत होती.

आणखी एकच विचारायचं होतं, आणि आवाज नेहमीसारखाच यायला हवा होता. “अवर सिटी... सेफर?”

ह्यांनी चिंगीकडे पाहिलं. “सेफर,” म्हणाले. “सेफेस्ट.”

हा शब्द बाईंनी अजून शिकवला नव्हता. तरी मला कळला.

“झाला का अभ्यास?” भाऊ पहिल्यांदाच फोनसमोर आले. गोल, हसरा चेहरा. एक हात ह्यांच्या खांद्यावर. “वहिनी, तुम्ही पास! उद्याच तिकिटं काढतो.”

“पण भाऊ, परीक्षा व्हायचीय ना?”

“परीक्षा घेणारी माणसं आपलीच आहेत हो. ती नावाला असते.”

म्हणजे ज्या परीक्षेला मी इतके दिवस भीत होते, ती नव्हतीच. मी हो म्हटलं तर आम्हीही त्या भिंतीआड जाणार. सगळं समजलंय असं दाखवलं तर हे एकटेच त्या हाताखाली राहणार. मी कपाळावर हात मारला.

“नाही हो भाऊ, माझ्या डोक्यात हे इंग्रजी शिरतच नाही. आत्ता ह्यांनी काय काय सांगितलं, त्यातलं एक अक्षर कळलं असेल तर शपथ! असल्या दगडाला परक्या मुलखात कशाला नेता? तुमचंच नाक कापलं जाईल. राहू दे आमचं येणं.”

भाऊ खो खो हसले. “बघा विचार करून. पुढच्या रविवारी बोलू.” ह्यांनी मान खाली घातली होती. पडदा काळा होईपर्यंत ती वर आली नाही.

“बाबा काय म्हणाले?” चिंगीनं विचारलं. “कधी जायचं?”

मी तिला तशीच कडेवर उचलली. कडेवर घेण्याएवढी ती आता लहान नव्हती. रस्ता ओलांडून बाईंचं घर गाठलं आणि दार वाजवत राहिले.

“अगं, आज सुट्टी ना?” बाई दारात म्हणाल्या. “गृहपाठ उद्या दाखव.”

“बाई,” मी म्हटलं, “माणसाला कोंडून ठेवलंय, हे तिकडच्या पोलिसांना इंग्रजीत कसं सांगायचं, ते आत्ता शिकवा.”