धुळाजीचा अंगठा

वडवणीच्या बाजारात धुळाजीला तीस वर्षांत कुणी फसवलं नव्हतं. हे लोक म्हणत होते की नाही, कोण जाणे. धुळाजी स्वतः मात्र सगळ्यांना सांगत असे. शेळ्यांचा व्यापारी. शेळी समोर आली की तिचा मालक काय बोलतो याकडे त्याचा कानच नसायचा. डाव्या हातानं मान धरायची, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ उलटवायचा आणि दात बघून वय ठरवायचं. मग केस बाजूला सारून अंगावर खरूज आहे का ते खरवडून बघायचं. त्यासाठी त्यानं त्या अंगठ्याचं नख जरा वाढवलेलंच ठेवलं होतं.

अशा माणसानं पंचावन्नाव्या वर्षी काळी कोरी मोठी गाडी घेतली आणि तिच्यावर न दिसणारी वस्तू बसवून घेतली, म्हणजे नवलच. ती वस्तू म्हणजे पीपीएफ. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून साऱ्या गाडीला चिकटवायची पारदर्शक फिल्म. बसवली सद्दामनं. सद्दाम हा मांजरसुंब्याच्या चाँद मेस्त्रीचा मुलगा. चाँदनं तीस वर्षं धुळाजीचा टेम्पो सांभाळला होता. ईदचा शीरखुर्मा धुळाजीनं चाँदकडं प्यायचा आणि होळीच्या पोळ्या धुळाजीच्या बायकोनं, कडूबाईनं, चाँदच्या घरी धाडायच्या, असा घरोबा. सद्दाम पुण्यात काम शिकून आला, बापाच्या गॅरेजशेजारी त्यानं वॉशिंग सेंटर टाकलं आणि फिल्म बसवलेली पहिली गाडी ही धुळाजीची.

"चाचा, पाच वर्षांत कुठं कड उचलली तर आख्खी गाडी परत फुकट करून देतो," असा शब्द त्यानं चार लोकांत दिला होता.

धुळाजीनं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. काही दिसेना.

"कुठं बसवलीस?"

"सगळीकडं."

"दिसत तर न्हाई."

"दिसू नये म्हणूनच तर बसवत्यात, चाचा."

हे उत्तर धुळाजीला मुळीच आवडलं नाही. दिसत नाही हीच खूण, असं म्हणणारा विक्रेता त्याला उभ्या जन्मात भेटला नव्हता. शेवटी सद्दामनं त्याचं बोट धरून बोनेटच्या कोपऱ्यावर नेलं. तिथं केसाएवढी बारीक कड लागली. तेवढ्यापुरता धुळाजीचा जीव भांड्यात पडला.

पण घरी येईपर्यंत मनात पाल चुकचुकलीच. बोनेटला बसवली, दारांना बसवली कशावरून? आज आहे, उद्या राहील कशावरून? तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्याही आधी, तो गाडीपाशी जाई. बोनेटचा कोपरा, ड्रायव्हरच्या दाराची कड, डिझेलचं झाकण. तिन्ही ठिकाणी नखानं कड चाचपायची, लागली की हुश्श करायचं आणि चहाला यायचं.

"घडोघडी काय हात लावता वं त्या गाडीला?" कडूबाई विचारायची.

"तुला न्हाई कळायचं."

दर आठ दिवसांनी गाडी धुवायला मांजरसुंब्याला न्यायची, हे सद्दामनंच बजावलं होतं. कपडे धुण्याची पावडर लावायची नाही, कोरडी धूळ फडक्यानं पुसायची नाही, पाखरानं घाण केली तर पाणी टाकून भिजू द्यायची, खरवडायची नाही. एवढी पथ्यं धुळाजीनं बाळंतिणीलासुद्धा ऐकली नव्हती. तो प्लास्टिकची खुर्ची टाकून डोळ्यांत तेल घालून बसायचा.

"दोन बादल्या कावून?"

"एकीत शाम्पू, चाचा. दुसरीत हातमोजा खळबळायचा. न्हाईतर त्याच मातीनं गाडी घासली जाती."

"आन् पाण्याचा फवारा इतक्या लांबून? जवळ धर की!"

"जवळून मारला तर कड उचलंल."

धुळाजीनं मान हलवली, पण मनात नोंद केली. कड उचलेल म्हणतो. म्हणजे उचलणार हे ह्याला ठाऊक आहे. चांगला माल पाण्याला भितो होय? कुठंतरी पाणी मुरतंय. त्यानं शाम्पूची बाटली उघडून हुंगली, हातमोजा उलटा करून बघितला, गाडी पुसायचं मऊ फडकं उन्हात धरून बघितलं. सापडलं काहीच नाही, आणि त्यामुळे संशय जास्तच वाढला.

तीन महिन्यांनी, एका सकाळी, सापडलं. बोनेटच्या कोपऱ्याची कड सुटली होती आणि तिच्याखाली धुळीची काळी रेघ शिरली होती. दाराचं तेच. डिझेलच्या झाकणाची कड तर बोटभर वर आलेली. धुळाजीला राग आला, वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडा आनंदही झाला. आपलं काही चुकत नाही, हे त्याला पुन्हा एकदा पटलं होतं.

कडूबाईला गाडीत बसवून तो तडक मांजरसुंब्याला आला. सेंटरवर चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. बरंच झालं, साक्षीला माणसं पाहिजेतच.

"चाँद! बाहीर ये बे!"

चाँद हात पुसत गॅरेजातून आला. सद्दाम आधीच गाडीपाशी पोचला होता.

"तुझ्या पोरानं नकली माल लावला. तीस वर्षांची दोस्ती, आन् माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली. आजपासून तुझ्या घरचं पाणी मला बंद. उद्या वडवणीचा बाजार हाय, तिथं मी एकेकाला धरून सांगणार, सद्दामकडं गाडी नेऊ नका म्हणून."

सद्दामचं तोंड उतरलं. धुळाजीच्या तोंडच्या शब्दावर बाजारात शेळ्या विकल्या जातात आणि पडून राहतात, हे त्याला ठाऊक होतं. नव्या सेंटरला हा शब्द बाधला असता तर ते बंदच करावं लागलं असतं. तो खाली बसला आणि चाकांमागच्या, दारांखालच्या सगळ्या कडा त्यानं बोट फिरवून बघितल्या.

"चाचा, पाण्याचा मार सगळ्यात जास्त इथं खाली बसतो. इथं एक बी कड सुटली न्हाई. माल खराब असता तर आधी इथं उचलला असता."

"मला शिकवू नकोस. हे बघा, तुमीच बघा रे!" धुळाजी ड्रायव्हरांकडं वळला. बोनेटच्या कोपऱ्याखाली त्यानं अंगठा घातला आणि कड उलटवून दाखवली.

"धुळाजी," चाँद हळूच म्हणाला, "आसाच ऱ्हा. हात हलवू नको."

सगळे वाकले. उलटवलेल्या कडेच्या आतल्या चिकट बाजूला धूळ बसली होती, आणि त्या धुळीत बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या. एकीवर एक, पंचवीस-तीस तरी. चाँदनं धुळाजीचा अंगठा धरला आणि त्याचं नख एका कोरीवर टेकवलं. बरोबर बसलं. दुसरीवर टेकवलं. तेही बसलं.

"रोज सकाळी करतेत," कडूबाई गाडीतून उतरत म्हणाली. "चहाच्या आधी. मला वाटलं पुसतेत."

एक ड्रायव्हर हसला, मग चौघेही हसले. धुळाजीनं अंगठा मुठीत लपवला. कानापर्यंत रक्त चढलं होतं. शेळीचा ओठ उलटवावा तसा आपण तीन महिने गाडीचा ओठ उलटवत होतो, हे त्याला आत्ता दिसत होतं.

चाँद मात्र हसला नाही.

"तीस वर्षं तुझ्या टेम्पोच्या चाकांचे नट मी आवळले," तो म्हणाला. "आन् दर खेपेला घाटाच्या आधी थांबून, पाना लावून तू ते ढिले करून बघत गेलास. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून मी आतून अजून एक नट लावत होतो. तुझ्या हाताला लागू नये असा. चूक माझी हाय. पोराला हे सांगायचं राहून गेलं."

घाटात एकदाही चाक डगमगलं नव्हतं. ते आपल्या तपासण्यामुळं, असं तो तीस वर्षं धरून चालला होता.

सद्दामनं ब्रशनं धूळ धुतली, कड वाळवली, गरम हवेचं मशीन फिरवून ती दाबून बसवली. तिन्ही ठिकाणी. कुरकुर केली नाही.

"दोन दिवस हात लावू नका, चाचा."

धुळाजीनं मान डोलावली. निघण्याआधी चाँदच्या माठातलं पाणी तो पेलाभर प्यायला. कुणी प्या म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात फिल्मचा विषय त्यानंच काढला आणि कड कुणाच्या अंगठ्यानं उचलली तेही सांगितलं. लोक पोट धरून हसले. शेळीचे दात बघायला वाकला की मागून कुणीतरी "कड सुटली का?" म्हणून ओरडायचं. त्यानं ते ऐकून घेतलं. घरी सकाळी पाय आपसूक गाडीकडं वळायचे, म्हणून तो उजव्या हातात चहाचा कप धरूनच अंगणात यायचा.

तिसऱ्या दिवशी त्यानं चाँदला फोन लावला.

"चाँद, कड बसलीय. एकदम पक्की."

"बरं झालं. नीट बघितलंस ना?"

"न्हाई," धुळाजी म्हणाला. "बघितलं न्हाई."

आता मात्र पलीकडं चाँद हसला.