राजसीचे मागचे दार

मित्रांनो, मी राजसी नावाची एक जुनी मोटार आहे. ‘जुनी’ हा शब्द मला लोकांनीच चिकटवला; तो नेमका कधी चिकटला, हे मला अजून उमगलेले नाही. माझी हकिगत ऐकून तुम्हाला ते कळले तर मलाही सांगा.

आम्हा राजसींचे एक घराणे आहे. कारखान्यातले लोक त्याला पिढ्या म्हणतात. पहिल्या पिढीची राजसी चौकोनी होती, कपाट आडवे ठेवावे तशी. तिच्या मागच्या खिडक्यांना पडदे होते आणि साहेबाला टोपी न काढता आत बसता यावे, म्हणून छत उंच होते. मी दुसऱ्या पिढीची. माझ्याआधी कारखान्यात खऱ्याएवढी मोठी मातीची गाडी केली होती. कारागीर तिच्या अंगावरून पातळ पाती फिरवत माती खरवडत. कुठे कोपरा बोथट कर, कुठे पोट आत घे. मोठ्या बहिणीचे सगळे कोपरे गोल झाले, तेव्हा मी झाले. छत मात्र तिच्यासारखेच उंच राहिले आणि दारही तसेच रुंद. मालक म्हणजे मागे बसणारा माणूस, असे तेव्हा सारे मानत. म्हणून मागे पाय टेकायला पाट, वाचायला दिवा, आणि समोरची सीट पुढे सरकवायचे बटणसुद्धा मागच्याच हाताशी.

माझे पहिले मालक हैदराबादचे एक बडे व्यापारी. ते मागे बसत, पेपर वाचत आणि कुणाशीही बोलत नसत. मला वाटे, आपले सारे ठीक चालले आहे. मग एके दिवशी आमच्या फाटकातून तिसऱ्या पिढीची राजसी आत आली. ती माझ्याहून लांब होती, बुटकी होती आणि तिच्या नाकावर चकचकीत जाळी होती. आता बहुतेक मालक स्वतःच गाडी चालवू लागले होते, त्यामुळे तिच्यात सगळी ऐट पुढच्या सीटला होती. मित्रांनो, त्या रात्रीत मी काही झिजले नव्हते. माझे यंत्र कालच्यासारखेच चालत होते. तरी सकाळी चालक माझ्याकडे बोट करून म्हणाला, “ही जुनी बाहेर लावा.”

मला वाटले, तो दुसऱ्या कुणाविषयी बोलतो आहे.

तिथून मी आदिलाबादच्या एका गाडीबाजारात आले आणि तिथून जवळच्याच बेला गावी, भगवंतरावांकडे. भगवंतरावांचे बी-बियाण्याचे दुकान होते. त्यांनी मला का घेतले, हे गावाला कळले नाही आणि मलाही. ते स्वतः चालवत. पुढे शेजारी बियाण्याची पोती बसत. मागे त्यांच्या पत्नी राहीबाई आणि लेक प्रणिता. प्रणिता लहान होती. तिला मागचे बटण सापडले आणि ती पोत्यांची सीट पुढेमागे सरकवत बसे. माझी मात्र पंचाईत झाली. माझे साहेब कोण? चालवणारे भगवंतराव, की ऐटीत पुढे बसलेली पोती?

ते दिवस कौतुकाचे होते. गावात कुणाचे लग्न ठरले की माझ्या गळ्यात झेंडूचे हार पडत. कापसाच्या दिवसांत माझ्या गाद्यांना कापसाचे तंतू चिकटत आणि राहीबाई ते एकेक करून वेचून काढत. प्रणिता वहीच्या मागच्या पानांवर माझी चित्रे काढी. ती शिकायला पुण्याला गेली आणि पुढे गाड्यांचे आकार ठरवणाऱ्या खात्यात लागली. कुणाच्या गाड्यांचे? आमच्याच. राजसीच्या.

पण तोवर माझे सुटे भाग मिळेनासे झाले. भगवंतरावांनी मालासाठी छोटा टेम्पो घेतला आणि मी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. दिवाळीला ते मला एकदा सुरू करत, म्हणून यंत्र जिवंत राहिले. एक खिडकी पुरती वर जात नसे. तिथून कोंबडी आत शिरली आणि मागच्या आसनावर अंडी घालून बसली. कितीतरी दिवसांनी मागे कुणी बसले होते. मी तिलाच साहेब मानले.

मग राहीबाई दुकानाच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. त्या काठी घेऊन चालू लागल्या, पण घराबाहेर पडेनात. त्याच सुमारास भंगारवाला नागेश शेडमध्ये आला. त्याने माझ्यावरची ताडपत्री उचलली आणि टेपने माझी लांबी-रुंदी घेतली.

“भाऊ, येते सोमवारी नेतो,” तो भगवंतरावांना म्हणाला. “टेम्पोत अख्खी मावत नाई. इथंच कापा लागंन.”

‘कापा लागंन’ म्हणजे काय, ते मला नीट कळले नाही. माझा आकार पुन्हा बदलणार असेल, असे मी धरून चालले. मातीच्या गाडीलाही कापूनच नवे रूप येत असे.

सोमवार उजाडायच्या आधी प्रणिता घरी आली, तीही चौथ्या पिढीची राजसी घेऊन. काय तिचे रूप सांगू. छत पुढून वर चढून मागे असे उतरत गेले होते, जशी बगळ्याची पाठ. गाव गोळा झाले. भगवंतराव प्रत्येकाला सांगत होते, “हे मागचं उतरतं छप्पर हाय ना, ते माह्या पोरीनं काढलं.”

दुसऱ्या दिवशी राहीबाईंना तपासणीसाठी आदिलाबादला न्यायचे होते. प्रणिताने नव्या गाडीचे मागचे दार उघडले. राहीबाईंनी आधी पाय घातला, तर डोके छताला लागले. आधी डोके घातले, तर पाय दुमडेना. आसन इतके खाली होते की त्यावर टेकताना त्यांच्या खुब्यातून कळ निघाली आणि त्या दाराला धरून तशाच उभ्या राहिल्या. भगवंतरावांनी पुढचे दार उघडून पाहिले. तिथेही तीच गत.

“पोरी, तुही गाडी लई देखणी हाय,” राहीबाई म्हणाल्या. “पन मले तिच्यात बसता येऊन नाई राह्यलं.”

जमलेले लोक हळूहळू पांगले. मी शेडमधून हे सारे पाहत होते आणि मला काही सुचत नव्हते. इतकी सुंदर गाडी आणि माणूस बाहेर, हे कसे?

राहीबाई काठी टेकत शेडकडे आल्या. त्यांनी माझे मागचे दार उघडले, कोंबडीला हुसकले, आसनावर पाठमोऱ्या टेकल्या आणि मग एकेक पाय आत घेतला.

“जुनीच काढा,” त्या म्हणाल्या.

भगवंतराव गडबडले. “अवं, तिची बॅटरी बसली. चाकात हवा नाई.”

“मंग भरा. मी बसली हाय.”

हवा भरली. मग प्रणिताने नव्या गाडीचे तोंड माझ्या तोंडासमोर आणले आणि तिच्या बॅटरीची वायर माझ्या बॅटरीला जोडली. मित्रांनो, चौथ्या पिढीची वीज माझ्या अंगात आली आणि मी खोकत खोकत सुरू झाले. आमच्या घराण्यात असे पूर्वी घडल्याचे मी ऐकले नव्हते. ती माझी कोण लागते, आणि असे देणेघेणे आमच्यात चालते का, हे विचारायला वेळच मिळाला नाही.

जैनथच्या वाटेने आम्ही आदिलाबादला गेलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. प्रणिता आईच्या शेजारी मागे बसली होती.

“आई, दुखून राह्यलं का?”

“आता नाई. बसताना दुखते. एकदा बसली का मंग काई नाई.”

“मले फोनवर काऊन नाई सांगितलं?”

“काय सांगू? तू गाड्या बनवतं, मी घरातून निंगत नाई, हे सांगू?”

प्रणिताने खिडकीबाहेर पाहिले. मग ती म्हणाली, “ते छत मीच खाली आणलं, आई. सगळे लई खूश झाले होते. मागं कोन बसंन, हे मी इचारलंच नाई.”

राहीबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. “मंग आता इचार ना.”

संध्याकाळी आम्ही परतलो. प्रणिताने घरातली शिवणकामाची टेप आणली आणि माझ्या दाराशी वाकली. दाराचा उंबरठा जमिनीपासून किती, आसन किती, छत किती, दार किती उघडते, सगळे मोजले. नागेशनेही असेच मोजले होते. पोरीने लहानपणी माझी चित्रे काढली, ती आता मला कापणार की काय? सोमवारी नागेश आला, तर तिने त्याला चहा दिला आणि रिकाम्या टेम्पोने परत पाठवले. माझा गोंधळ आणखी वाढला.

पुढच्या आठवड्यात तिच्या बोलावण्यावरून तिचे वरिष्ठ अमरसाहेब पुण्याहून आले. ते धिप्पाड आणि मोकळ्या मनाचे गृहस्थ. प्रणिताने त्यांना अंगणात उभे केले, त्यांच्या पायाला मागून एक फळी लावली आणि राहीबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधली. गुडघा वाकेना. मला कळेना, या भल्या माणसाने असा काय गुन्हा केला. मग ती म्हणाली, “सर, आता नव्या गाडीत मागे बसून दाखवा.”

अमरसाहेबांनी पुढून प्रयत्न केला, पाठमोरे होऊन केला, शेवटी आडवे शिरायला गेले आणि अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले. राहीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पडल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या. मग साहेब तसाच ताठ पाय ओढत माझ्याकडे आले, टेकले, वळले आणि आत बसले.

त्यांनी हात वर करून माझे छत चाचपले. नंतर म्हणाले, “प्रणिता, छत उंच केलं की गाडीचा दिमाख जातो. लोक आधी पाहतात, मग घेतात.”

“पाहतात एकदाच, सर. बसतात रोज.”

“सगळं छत नाही वाढवून मिळणार.”

“मग मागच्या दारापुरतं तरी द्या.”

त्यावर त्यांचे तिथेच खूप बोलणे झाले. कुणाचे खरे ठरले, ते मला समजले नाही. साहेब निघाले तेव्हा पायाची फळी सोडायची राहूनच गेली होती. भगवंतरावांनी फाटकात धावत जाऊन ती सोडली.

त्यानंतर बराच काळ गेला. मी राहीबाईंना तपासणीला नेई-आणी. मग एक दिवस प्रणिता पाचव्या पिढीची राजसी घेऊन आली. तिची पाठ अजून उतरतीच होती, पण तो उतार मागच्या दाराच्या पलीकडे सुरू होत होता. आसन चार बोटे वर आले होते आणि दार चांगले ऐसपैस उघडत होते. प्रणिताला हवे होते तेवढे सगळे मिळाले नव्हते, असे ती वडिलांना सांगत होती.

राहीबाई काठी टेकत आल्या. पाठमोऱ्या टेकल्या, वळल्या, एकेक पाय आत घेतला. कुणी हात दिला नाही. मग त्यांनी स्वतःच दार ओढून घेतले. काचेआडून त्यांचा चेहरा दिसला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पण लगेच मनात आले, आता माझे काय काम? माझीच मापे घेऊन यांनी माझी गरज संपवली. मी हसावे की रडावे, हे मला ठरवता येईना.

भगवंतरावांनाही तेच सुचले असावे. त्यांनी फोन काढला. “मंग नागेशले बलावू का आता?”

नवीची काच खाली आली. राहीबाई आतून म्हणाल्या, “माहा पाय बरा झाला मनून डाक्टरले गावातून हाकलून देता का? समोरची ताराबाई दोन सालापासून लेकीकडं उटनूरले गेली नाई. तिचे गुडघे गेले. तिले नेऊन आना.”

भगवंतरावांनी फोन खिशात ठेवला आणि माझी किल्ली शोधायला घरात गेले.

मित्रांनो, तेव्हापासून मी बेल्यातल्या म्हाताऱ्या माणसांची ने-आण करते. मला आजही सारे जुनीच म्हणतात. तुम्हाला माझे एकच सांगणे आहे. जुन्या वस्तूंना मधूनमधून पुसा, त्यांना हवापाणी द्या. टाकायची वेळ आली तर टाकाही, पण त्याआधी एकदा दार उघडून आत बसून पाहा. एखादी वस्तू कुणाच्या उपयोगाची आहे, हे बाहेरून दिसत नाही. मित्रांनो, मी तर आतच होते, तरी मला कळले नव्हते.